कडब्याच्या गंजीवरून पाहिलेली गंमत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. दुसरं काही नाही. सौंसरच्या आमच्या घराच्या ओट्यावर, थंडीत, सकाळच्या उन्हात. मधे सूप, इकडून मी, तिकडून माझी बायको. माझी एक शेंग व्हायची तोवर तिच्या तीन व्हायच्या. माझा हात पेट्या ठोकणारा. संत्र्याच्या पेट्या. हातोडीचा हात शेंगेवर चालत नाही, दाणा चेंगरतो.

ती म्हणाली, "अवो, सोला. ठोकू नका."

मी म्हणालो, "दाणा पोटातच जाते ना? मंग चेंगरला तं काय झालं?"

ती हसली. मग ओट्यावर माणसं येऊन बसली आणि गाण्याचा वाद सुरू झाला. त्या वादात मी तिला एक वाक्य बोललो. ते वाक्य लिहायसाठीच ही वही घेतली आहे. पण आधी बाकीचं सांगावं लागेल, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा वाक्यासाठी म्हातारा इतकी वर्षं कायले रडून राहिला.

मी चौथीपर्यंत शिकलो. मूळचा पांढुर्ण्याचा, कामासाठी सौंसरला आलो आणि इथलाच झालो. संत्र्याची तोड चालू असली की पेट्या ठोकायच्या. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायच्या, एक एक काढायची, दोन ठोक्यांत फळीत घालायची. तोंडात चुका असल्या की बोलता येत नाही. त्यामुळे सीझनमध्ये मी मुका, आणि सीझन संपला की सगळं तुंबलेलं बाहेर. थंडीत संत्र्याचा पहिला, आंब्या बहाराचा माल निघून जायचा, दुसऱ्या, मृगाच्या मालाला वेळ असायचा. मधल्या त्या रिकाम्या दिवसांत माझ्या ओट्यावर आमची चौघांची बैठक. ही ऐंशीनंतरच्या वर्षांची गोष्ट आहे.

चौघं म्हणजे कोण? एक मी. एक रिटायर मास्तर, पूर्वी प्रायमरीत शिकवणारा, ज्याला सगळं माहीत असायचं. एक शिंपी, माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा, बोलताना समोरच्याचे खांदे मोजल्यासारखा पाहायचा. आणि एक हमाल, संत्र्याचे ट्रक भरणारा, माझ्यासारखाच पांढुर्ण्याहून आलेला. त्याचा आवाज एवढा की तो कानात बोलला तरी शेजारच्या गल्लीत कळायचं.

वाद नेहमीचा एकच. आयुष्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, समोर बसून ऐकलेलं सगळ्यात भारी गाणं कोणाचं?

त्याचे कायदे होते. रेडिओवरचं चालत नाही, टेपवरचं चालत नाही, सिनेमातलं तर नाहीच. आणि गवाह पाहिजे. हा गवाहाचा कायदा हमालामुळं झाला. त्यानं एकदा मुंबईच्या एका मोठ्या गायिकेला दोन हातांवरून पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि चार दिवसांनी निघालं की गडी आयुष्यात नागपूरच्या पलीकडं गेलाच नव्हता. तेव्हा मास्तरानं ठराव केला, जो सांगेल त्यानं तिथं हजर असलेला एक माणूस दाखवायचा. माणूस जिवंत पाहिजे आणि आपल्या ओळखीचा पाहिजे. गवाह नाही तर गाणं नाही.

मास्तराचं गाणं म्हणजे नागपूरची एक बैठक. मोठे बुवा, शास्त्रोक्त. गवाह त्याचा साडू. मास्तर सांगायचा, बुवांनी आधी अर्धा तास तंबोरे लावले.

"अर्धा तास खुंट्या पिळल्या?" हमाल म्हणायचा. "अन् तुमी बसून राहिले?"

"अरे, त्यातच गाणं असते."

"मंग आमच्या घरची बाज सुतार पिळते तवा मी तिकीट लावतो ना, मास्तर!"

शिंप्याचं गाणं म्हणजे उरुसातली कव्वाली. दोन पार्ट्या समोरासमोर. त्यातल्या एका कव्वालाची शेरवानी यानंच शिवली होती. "पण दादा," तो म्हणायचा, "त्यानं हात वर केला आन् बगलेत टाका उसवला. मले दिसला. मंग सारी कव्वाली मी त्याची बगलच पाहून राह्यलो होतो. लोक वा वा करत, मी मनात म्हनो, बापा, हात खाली घे."

हमालाचा ऑर्केस्ट्रा. पांढुर्ण्यात गणपतीत आला होता. एकच माणूस बाईच्या आवाजात गायचा आणि पुरुषाच्याही. गवाह अर्धं पांढुर्णा. त्याच्या गाण्याला कोणी भारी म्हणायचं नाही, पण खोटंही म्हणता यायचं नाही.

आणि माझ्याजवळ काय होतं? काही नाही. खरं सांगतो, मी आयुष्यात एकही गाणं धड बसून ऐकलं नव्हतं. जत्रेत गेलो तर कामाला गेलो. लग्नात बँड वाजायचा तेव्हा मी मांडवाचे बांबू ठोकायचो. पहिल्या थंडीत माझी पाळी आली तेव्हा तिघं माझ्याकडं पाहून राहिले, आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतं. ते तिचं होतं.

तिनं ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तिचं माहेर लोधीखेड्याचं. घराच्या मागं मोकळी जागा, तिथं जत्रेच्या दिवसांत भर दिवसा खडी गंमत व्हायची. शाहीर उभ्यानं गातो, ढोलकी, डफ, बाईच्या सोंगात नाचणारा पुरुष, आणि दोन पार्ट्यांची सवाल-जवाबात जुंपते. एकानं गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच सोडवायचं. वात्रट बोलणं चालतं, म्हणून बायापोरींनी तिथं जायचं नाही. ती तेव्हा चौदा-पंधराची असेल. ती आणि आणखी तीन पोरी मागच्या वाडीतल्या कडब्याच्या गंजीवर चढल्या आणि वर पोटावर पडून राहिल्या. कडब्याची कुसळं अंगाला टोचत होती आणि हसू आलं की एकमेकींच्या तोंडावर हात दाबत होत्या.

खालच्या दोन पार्ट्यांत एक शाहीर म्हातारा होता. काटकुळा. तो जिंकत आला आणि त्याच्या ढोलकीचं चामडं फाटलं. समोरच्या पार्टीनं आपली ढोलकी द्यायला ना म्हटलं. लोकांनी कल्ला केला, शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्यानं डोक्याचा फेटा काढला. मेल्या माणसाच्या तोंडावर टाकतात तसा फाटक्या ढोलकीवर टाकला. डफवाल्याला हातानं थांब म्हणाला. त्याच्या डोक्याच्या मधोमध तळहाताएवढं टक्कल होतं, त्यावर घाम चमकून राहिला होता. आणि तो नुसता गायला. वाजवणं काही नाही. शेंगदाणे विकणारा तराजू हातात धरून उभा राहिला, त्याची पारडी हलत नव्हती, असं ती म्हणाली.

"काय गायला?" असं मी विचारणार तेवढ्यात माझी आई अंगणातून ओरडली, "अव, भाकर जळून राह्यली ना!" ती उठून चुलीकडं पळाली. ते तिथंच राहिलं. मला वाटलं, विचारू कधी. आख्खं आयुष्य पडलं आहे.

तर हे सगळं मी ओट्यावर माझं म्हणून सांगितलं. मी लोधीखेड्याला सोयरिकीसाठी गेलो होतो, मी पहिल्या रांगेत बसलो होतो, मी पाहिलं. गवाह कोण? माझा साळा, म्हणजे तिचा भाऊ. तो तेव्हा वारलेला. मास्तर म्हणाला, जिवंत गवाह पाहिजे. शिंपी म्हणाला, राहू द्या मास्तर, गोष्ट भारी आहे. मग कच्ची नोंद झाली. म्हणजे गाणं मान्य, पण गवाह मिळेपर्यंत पक्कं नाही.

ती आत होती. तिनं सगळं ऐकलं. दुपारी मला वाढताना एवढंच म्हणाली, "मस्त सांगता तुमी. माह्यापेक्षा मस्त."

त्या वेळी मला लाज वाटायला पाहिजे होती. मला बरं वाटलं.

मग दर थंडीत मी ते सांगायचो. नवीन कोणी ओट्यावर आला की हमालच म्हणायचा, "सांग बे, फेट्याची सांग." मी सांगायचो. आणि फेट्यापर्यंत आलो की आतलं काम थांबायचं. तांदूळ निवडत असली तर सूप थांबायचं, भांडी घासत असली तर राख थांबायची. ती तिकडं ऐकत असायची, मला पाठीतून कळायचं. पुढं लोक विचारायचे, "मंग काय गायला थो?" मी म्हणायचो, "ते असं ओट्यावर सांगायचं नसते, भाऊ." लोकांना वाटायचं काही गूढ आहे. गूढ कशाचं! मला माहीतच नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं, आणि तिला विचारायचं म्हणजे मी चोर आहे हे तिच्या तोंडावर कबूल करायचं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. पण बोललं नाही तोवर झाकलेलं होतं.

एकदा विचारणार होतो. बोरगावला लग्नाला चाललो होतो, बसमध्ये दोघंच मागच्या सीटवर. मी म्हणालो, "अव, थो शाहीर..."

तिनं माझ्याकडं मान वळवली. तिचा चेहरा असा झाला, जसं कोणी दार वाजवल्यावर माणूस उठायला लागतो.

मी म्हणालो, "थो आता मेला असन."

ती खिडकीकडं पाहायला लागली. म्हणाली, "असन."

आता त्या दिवसाचं.

शेंगा सोलणं चाललं होतं. तिघं आले, हमालानं आल्या आल्या सुपातल्या चार शेंगा उचलल्या आणि सालासकट चावल्या. ती म्हणाली, "भाऊजी, तुमाले बैलावानी कुटार टाकू का?" सगळे हसले. वाद सुरू झाला. मास्तर त्या दिवशी पेटला होता. म्हणाला, किती वर्षं चाललं हे, आज निकाल लावू. एकेकाची पुन्हा झाडती घेऊ. शिंप्याची कव्वाली झाली, बुवा झाले, ऑर्केस्ट्रा झाला. मग माझी गंमत निघाली. मी सांगितलं, सरावानं. कुसळं टोचत होती, फेटा, टक्कल, घाम, शेंगदाणेवाला.

शिंपी माझ्या खांद्यांकडं पाहत होता. मग म्हणाला, "दादा, एक इचारू? राग नका मानू."

"इचार."

"तुमी पहिल्या रांगेत बसले होते ना? खाली, रेतीत?"

"हाव."

"थो उभा होता?"

"उभाच असते ना शाहीर."

"मंग त्याच्या डोक्याच्या मधातलं टक्कल तुमाले कसं दिसलं?"

मी सुपातली एक शेंग उचलली आणि दाणा चेंगरला.

शिंपी हातानं दाखवू लागला, टेप धरल्यासारखा. "मी माप घेतो जी. उभ्या माणसाच्या खांद्याची शिलाई पाहाची तं मले पाटावर चढा लागते. खालून कपाळ दिसते. मधातलं टक्कल वरूनच दिसन."

"अन् रेतीत कुसळं कुठून आली बे?" हमाल म्हणाला, आणि मांडीवर थाप मारून हसला. "पहिल्या रांगेत कडबा टाकला होता काय, तुमा बैलांसाठी?"

मास्तर चष्म्यावरून पाहू लागला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "म्हणजे गवाहही मेलेला, आन् जागाही खोटी."

सुपात तिचा हात थांबला. मला आठवतं, तिच्या बोटांत अर्धी उघडलेली शेंग होती, आत चार दाणे. ती माझ्याकडं पाहत नव्हती. मास्तराकडं पाहून म्हणाली, "मास्तर, मी सांगू का?"

तिच्या तोंडावर हसू होतं. टोमण्याचं नाही. कितीतरी वर्षांनी पाळी आल्यासारखं.

ती काय सांगणार होती? मी गवाह आहे, हे तिथंच होते, असं सांगून मला वाचवणार होती? का खरं सांगणार होती, गंजीचं? का तो काय गायला, ते? रोज विचार करतो. त्या वेळी मी एवढाच विचार केला की आता माझी अब्रू जाते.

मी म्हणालो, "तू चूप बस. तुले काय समजते गाण्यातलं? जाय, चूल पाहाय."

हेच ते वाक्य.

तिनं ती अर्धी शेंग सोलली. चारही दाणे वाटीत टाकले. वाटी घेऊन उठली आणि आत गेली. सूप तिथंच राहिलं, अर्ध्या शेंगा सोलायच्या बाकी.

हमालासारखा हमाल, त्यानंही उठून पायात चपला सरकवल्या. मग शिंपी म्हणाला, "चाला, चहा पिऊ चौकात." मी त्यांच्यासोबत गेलो. घरात गेलो नाही, चहाला गेलो.

दुपारी जेवलो. सोल्यांची, त्याच तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी केली होती, वांगं घालून. तिनं वाढलं, मी खाल्लं. मीठ कमी होतं. मीठ तिचं कधी चुकत नव्हतं. मी तेही बोललो नाही आणि तीही बोलली नाही. ती जेवली का, पाहिलं नाही. भांडी न उचलताच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "छातीवर कोनं पाय देल्ल्यासारखं होते."

मी म्हणालो, "गॅस असन. पाणी पे."

पाणी ओठातून परत आलं. मग मी पळालो. हमाल व्यापाऱ्याचा मॅटाडोर घेऊन आला. सौंसरच्या डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणाला, वेळ घालवू नका, नागपूरला न्या. मॅटाडोरमध्ये मागं रिकाम्या पेट्या होत्या, मीच ठोकलेल्या, त्या बाजूला सारून गोधडी टाकली. तिचं डोकं माझ्या मांडीवर. हमाल समोर बसला, तिचे पाय धरून. रस्ता खराब, पेट्या खडखडत होत्या.

तिचे डोळे उघडे होते. माझ्याकडंच पाहत होती. मला कळलं होतं, माणसाला कळतंच. मला तेव्हा विचारता आलं असतं. माफ कर म्हणता आलं असतं. तू सांग, काय गायला तो, असं म्हणता आलं असतं. तिच्यात बोलायची ताकद होती, तिनं हमालाला दोनदा पाणी मागितलं.

मी विचारलं नाही. का? हमाल समोर होता. त्याच्यासमोर विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की गंमत मी पाहिलेली नाही. मरणाऱ्या बायकोपेक्षा मला ओट्यावरची इज्जत मोठी वाटली. आता कोणी काही म्हणो, हे असंच आहे. मी म्हणालो, "धीर धर." हे पेटीवर लिहितात तसं वाक्य आहे, वरची बाजू वर ठेवा, धीर धर. त्याला काही अर्थ नाही.

बोरगाव मागं पडलं आणि ती गेली. हमालाच्या हातात पाय होते, त्याला आधी कळलं. तो म्हणाला, "थांबव बे गाडी." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, इतकं हळू बोलला की ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही.

परत आणली. आमची पोरगी पांढुर्ण्यात दिलेली, तिला निरोप गेला, ती सकाळच्या पहिल्या बसनं येणार होती. तिच्यासाठी ठेवावं लागलं. रात्रभर बाया घरात होत्या. मी कुठं होतो, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओट्यावर आलं. रोज येतं तसंच. मला वाटलं होतं, आज येणार नाही. तिघंही येऊन बसले होते, नेहमीच्या जागांवर. ती आत निजवलेली, दार उघडं. बांबू आणून ठेवले होते. लोक कमी आवाजात बोलत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बसलो नाही. मी म्हणालो, "मास्तर, ते गंमत मी पाह्यली नाई."

मास्तर म्हणाला, "बस, बस खाली."

"मी पाह्यली नाई. तिनं पाह्यली. लोधीखेड्यात, कडब्याच्या गंजीवरून. म्हून टक्कल दिसलं. म्हून कुसळं. मी तिची चोरली. ते काल तेच सांगून राह्यली होती, अन् मी तिले चूप बसवलं."

बोलताना मी शिंप्याकडं पाहत होतो. मला वाटलं, याला पटेल. यानंच पकडलं होतं. वरून दिसतं ते टक्कल, गंजीवरून दिसतं, हिशेब जुळतो. आता हा म्हणेल, बरोबर.

शिंप्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं उठून माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाला, "दादा, असं नका करू. मी काल उगाच बोललो. माह्यी मस्ती झाली. तुमी पाह्यलं, तुमीच पाह्यलं."

"अरे, नाई पाह्यलं!"

हमाल म्हणाला, "पाह्यलं रे भाऊ. आमी मानलं ना. आता तिच्या नावावर कायले टाकतं? ते बिचारी साधी बाई, ते कुठं गंमत पाहाले जाईन?"

"गेलती! गंजीवर चढली होती!"

"कोनं पाह्यलं?" हमालाच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. त्यानं लगेच जीभ चावली आणि खाली पाहिलं.

कोणी नाही पाहिलं. भाऊ मेलेला. बाकीच्या तीन पोरी कोण, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ज्या आईच्या हाकेनं ती चुलीकडं पळाली, ती माझी आई जाऊन किती वर्षं झाली. एक मी होतो, आणि माझा शब्द कालपासून खोटा ठरलेला.

मास्तरानं टोपी काढली. मोठा निकाल द्यावा तसा गंभीर म्हणाला, "बिनागवाहाचं मान्य. आजपासून पक्कं. सगळ्यात भारी गाणं यानंच पाह्यलं. आता यावर बोलायचं नाही." बाकी दोघांनी माना हलवल्या. पाच-सहा वर्षं मला जे पाहिजे होतं ते त्यांनी मला दयेनं देऊन टाकलं. तिच्या दारात, ती आत निजली असताना, तिचं एकच भारी गाणं त्यांनी माझ्या नावावर पक्कं केलं.

मी ओरडलो असेन. बाया बाहेर आल्या. कोणीतरी म्हणालं, याला पाणी द्या, याचं डोकं ठिकाणावर नाही.

मी आत गेलो. तिच्याजवळ गेलो नाही. सूप कोपऱ्यात होतं, कोणीतरी ओट्यावरून उचलून ठेवलेलं, अर्ध्या शेंगा तशाच. मी ते बाहेर आणलं आणि कालच्या जागेवर बसलो. सोलायला लागलो. हमालानं मदतीला हात घातला. मी म्हणालो, "हात लावू नको." त्यानं हात मागं घेतला.

शेंगा सुकायला लागल्या होत्या, जोर लावावा लागत होता. पण मी ठोकलं नाही. एक एक शेंग उघडली. एकही दाणा चेंगरू दिला नाही. वेळ लागला. कोणी घाई केली नाही, पोरगी यायची होतीच. बस येऊन गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी पोरीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा माझ्या पुढं वाटीभर दाणे झाले होते. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

मी धोतरावरची सालं झटकली, उठलो आणि आत तिला उचलायला गेलो.